सखी आणि सख्खी

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एक अविवाहित बाई वारल्या. मागे मृत्युपत्र निघालं. राहतं घर त्यांनी मैत्रिणीला दिलं होतं, शाळेपासूनच्या, म्हणजे साठ वर्षांच्या मैत्रिणीला. भाचे वकिलाकडे गेले. त्यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते त्यावर रंगलेल्या वादाचं. ज्यांचा त्या घराशी काडीचा संबंध नव्हता तेही हिरिरीनं भांडत होते. एक गट म्हणत होता, रक्ताचं ते रक्ताचं, मैत्रीण कितीही जवळची असली तरी परकीच, म्हातारीला तिनं गुंडाळलं असणार. दुसरा गट, बहुतेक तरुणांचा, म्हणत होता, नातेवाईक गळ्यात पडतात, मित्र आपण निवडतो, आणि निवडलेली माणसं हेच खरं कुटुंब. दोन्ही वाक्यं वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की विचार न करताही तोंडातून निसटतात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि गंमत म्हणजे एकाच कारणासाठी पटत नाहीत. दोन्ही गट धरून चालतात की मैत्री म्हणजे निवड. एकाला ती निवड उथळ वाटते, दुसऱ्याला पवित्र. पण पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या मैत्रीत निवड शिल्लक तरी असते का?

माझं म्हणणं आधीच मांडते. जन्मभराची मैत्री घरचं नातं होते ती निवड संपल्यावर. तेव्हापासून ती बहिणीइतकीच अटळ असते, बहिणीइतकीच अवघडही. अशा नात्याला कायद्यानं आणि कचेऱ्यांनी जागा दिली पाहिजे. पण कुणी उठून 'मी जिवलग आहे' म्हणावं आणि त्याला हक्क मिळावेत, असं मात्र नको. ज्या माणसाचं आयुष्य आहे त्यानं शुद्धीवर असताना नाव लिहून दिलं असेल, तर त्या नावापुढे नातेवाईकांचा शब्द दुय्यम ठरावा. आणि ते नाव 'मैत्रीण' म्हणूनच लिहिता यावं. 'बहिणीसारखी' हा शेरा मारून तिला आत घेणं मला अपमानाचं वाटतं.

निवड संपते म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं आहे. आईची एक मैत्रीण होती. होती कशाला, आहे. आई गेली, मैत्रीण आहे. तिला मी मावशी म्हणते. मध्यंतरी या दोघी चौदा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण फुटकळ होतं: मी नोकरी सोडायची ठरवली तेव्हा आईनं जो गोंधळ घातला, त्यावर मावशी तिला तोंडावर काहीतरी बोलली. पण त्या चौदा महिन्यांत दर आठवड्याला मावशीचा मला फोन यायचा. 'तिच्या थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्या असतील, बघ. मी सांगितलं म्हणू नकोस.' आणि आई मला विचारायची, 'तिचं मोतीबिंदूचं ठरलं का गं?' निवडलेलं माणूस नकोसं झालं तर सोडून देता येतं. यांना एकमेकींना सोडता येत नव्हतं, आणि त्याचाच दोघींना राग येत होता. याला मैत्रीची निवड म्हणायचं, की घरातलं भांडण?

शिवाय मावशीला मी कुठे निवडलं होतं? मला कळायला लागलं तेव्हा ती होतीच, जशी आत्या होती, जसा मामा होता. मैत्री कुटुंब होते की नाही याची खूण त्या दोन मैत्रिणींत शोधून सापडत नाही, ती पुढच्या पिढीत सापडते. ज्यांनी ते नातं जोडलं नाही त्यांच्यावर ते येऊन पडलं का, हा खरा प्रश्न. एंगल्स आणि मार्क्स यांच्या विचारांबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. मैत्रीच्या दृष्टीनं हा संसार पाहण्यासारखा आहे. मार्क्सचं घर चालावं म्हणून एंगल्सनं मँचेस्टरला बापाच्या भागीदारीतल्या कापडधंद्यात जवळजवळ वीस वर्षं नावडीची नोकरी केली, ती 1869 साली सुटली. 1883 मध्ये मार्क्स गेल्यावर त्याची अपुरी हस्तलिखितं लावून 'कॅपिटल'चे पुढचे दोन खंड त्यानंच छापून काढले. मार्क्सच्या घरची जुनी सांभाळकरीण हेलेन डेमुट त्यानंतर एंगल्सच्या घरी राहायला गेली. आणि 1895 साली एंगल्स वारला तेव्हा त्याच्या इस्टेटीचा मोठा वाटा मार्क्सच्या मुलींकडे गेला. त्या मुलींनी एंगल्सला निवडलं नव्हतं. तो त्यांना बापाबरोबर मिळाला होता.

आता कचेरीत काय घडतं ते पाहू. आईला रात्री अकराच्या सुमारास दवाखान्यात नेलं ते मावशीनं. मी बारा तासांच्या अंतरावर होते. मावशीच्या हातात आईची फाईल होती, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावलेली. आतल्या रिपोर्टांवर तारखा मावशीच्या अक्षरात. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला आणि 'पेशंटशी नाते' या रकान्यावर बोट ठेवलं. मावशीनं लिहिलं, 'मैत्रीण'. मुलगी म्हणाली, 'आजी, नातेवाईकांना बोलवा ना कुणाला तरी.' मग फोनाफोनी होऊन आईचा एक चुलतभाऊ आला. नऊ वर्षांत तो आमच्याकडे फिरकला नव्हता. त्यानं 'भाऊ' लिहिलं, न वाचता सही केली, आणि मावशीकडे वळून विचारलं, 'हिला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का हो?' मावशीनं सांगितलं. ते त्यानं काउंटरला सांगितलं. काउंटरनं ते लिहून घेतलं, कारण आता ते नातेवाईकानं सांगितलं होतं.

या प्रसंगात दवाखान्याला खलनायक करायची माझी इच्छा नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर जाब विचारायला नातेवाईकच येतात, त्यामुळे ते नातेवाईकांचीच सही मागतात. पण यातली एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्या वेळी आई शुद्धीवर होती, बोलत होती. अशा सज्ञान रुग्णाच्या बाबतीत कायद्याला संमती हवी असते ती खुद्द रुग्णाची. 2008 साली समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं: सज्ञान मुलगी स्वतः निर्णय देऊ शकते अशा स्थितीत, ती भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती चालणार नाही. म्हणजे जन्मदात्या आईची सही जिथे कायद्यात पुरत नाही, तिथे व्यवहारात नऊ वर्षं न दिसलेल्या चुलतभावाची पुरते. हा रक्ताचा महिमा म्हणावा, की सवयीचा?

रक्तवाल्यांचा युक्तिवाद हलका नाही, आणि तो नीट मांडला पाहिजे. त्यांच्यापैकी बहुतेक जण तो नीट मांडत नाहीत म्हणून मीच मांडते. कायद्याला ठळक रेघ लागते. जन्म आणि लग्न यांची कागदोपत्री नोंद होते. जिव्हाळ्याची होत नाही. उद्या प्रत्येक वारसाच्या दाव्यासमोर एक 'जिवलग' उभा राहिला तर न्यायाधीशानं प्रेम कुठल्या फूटपट्टीनं मोजायचं? दुसरं, नात्याबरोबर जबाबदारी येते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांवर पोटगीची जबाबदारी टाकली, आणि अपत्य नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ज्या नातेवाइकाला पुढे मिळणार आहे त्याच्यावरही टाकली. मैत्रीण उद्या आली नाही तर तिला कोण विचारणार? तिसरं, एकट्या म्हाताऱ्या माणसांभोवती गोड बोलणारे 'मित्र' गोळा होतात ही काल्पनिक भीती नाही. आणि मैत्रीच्या नावाखाली काय काय खपवलं जातं याचा इतिहासही आहे. गुजरातेत 1970 च्या दशकात 'मैत्री करार' नावाचा प्रकार फोफावला होता. लग्न झालेला पुरुष दुसऱ्या बाईशी स्टॅम्पपेपरवर मैत्रीचा करार करायचा. पहिली बायको असताना दुसऱ्या लग्नाला कायद्याची बंदी होती, तिच्यातून काढलेली ही पळवाट होती. त्यात फसल्या त्या बायकाच. मैत्रीला कागद द्या म्हणणाऱ्या माझ्यासारखीनं हे विसरून चालणार नाही.

यांतली जबाबदारीची आणि फसवणुकीची भीती मला मान्य आहे, उत्तर पुढे देते. रेघेचा मुद्दा मात्र मला तितका मान्य नाही. आपल्या कायद्यातली रेघ खरोखरच ठळक आहे का, आणि ती रक्ताच्याच बाजूनं गेली आहे का?

आयकर कायदा घ्या. वर्षाला 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट परक्याकडून मिळाली तर ती उत्पन्नात धरतात, नातेवाइकाकडून मिळाली तर धरत नाहीत. नातेवाईक कोण, याची यादी कायद्यात आहे. बायकोच्या भावाची बायको त्या यादीत आहे. सख्ख्या काकाचा मुलगा नाही. मामानं भाच्याला दिलं तर कर नाही. भाच्यानं मामाला दिलं तर आहे, कारण यादी घेणाऱ्याच्या बाजूनं वाचतात. मैत्रीण अर्थात कुठेच नाही. तिनं जिवंतपणी हातावर ठेवलं तर कर लागतो, मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर लागत नाही. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे नियम आणखी कडक आहेत. कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, आणि एकटं असताना मैत्रिणीचं नाव लिहिलं असलं तरी पुढे कुटुंब झालं की ते आपोआप रद्द. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर आधी जवळचे वारस, मग लांबचे, मग आणखी लांबचे, आणि कुणीच सापडलं नाही तर सरकार. साठ वर्षं शेजारी बसलेली मैत्रीण सरकारच्याही मागे. सरकारच्या मागे म्हणजे कुठेच नाही.

आणि रक्त? 2009 साली सुप्रीम कोर्टासमोर आलेलं एक प्रकरण वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. 1955 साली लग्न झालेल्या एका बाईचा नवरा तीन महिन्यांत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला हाकललं. आईवडिलांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, स्वतःच्या कमाईचं साठवलं, आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता ती वारली. मूल नव्हतं. अशा वेळी कायद्यातला क्रम असा, की विधवेच्या कमाईवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क. पैसा गेला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. भावना बाजूला ठेवूनच निकाल द्यावा लागतो, असं कोर्टानं म्हटलं, आणि कायद्याप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. इथे रक्त हरलं, प्रेम हरलं, सांभाळ हरला. जिंकली फक्त तीन महिन्यांच्या लग्नाची नोंद. 'रक्ताचं ते रक्ताचं' म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. आपली वारसाची रचना रक्तावर उभी नाही. ती एका जुन्या अंदाजावर उभी आहे, की अमुक नात्यातली माणसं सहसा एकमेकांना सांभाळतात. अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरतो म्हणून तो ठेवावा, हे मला मान्य आहे. पण जिथे माणसानं स्वतः लिहून ठेवलं आहे की 'माझ्या बाबतीत तो अंदाज चुकीचा आहे', तिथे तरी त्याचं ऐकायचं की नाही?

मृत्युपत्राच्या बाबतीत कोर्टानं ते ऐकलंही आहे. 1995 साली रवींद्रनाथ मुखर्जी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं साध्या शहाणपणाची गोष्ट सांगितली: नैसर्गिक वारसांना डावललं एवढ्यावरून मृत्युपत्र संशयास्पद ठरत नाही, कारण वारसाचा नेहमीचा क्रम बदलायचा नसता तर माणूस मृत्युपत्र करेलच कशाला! आमच्या ओळखीतल्या त्या भाच्यांच्या वकिलानं हे त्यांना सांगितलं असेल अशी आशा आहे.

परक्याला परकं न मानणारी कलमंही कायद्यात आहेत, आणि ती जिथे आहेत तिथे आभाळ कोसळलेलं नाही. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यात 'जवळचे नातेवाईक' अशी यादी आहे, 2011 च्या दुरुस्तीनं तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. पण यादीबाहेरच्या माणसालाही आपुलकीपोटी किंवा जिव्हाळ्यापोटी अवयव देता येतो. फक्त त्यासाठी समितीसमोर जावं लागतं. समिती चौकशी करते, पैशाचा व्यवहार नाही ना हे तपासते, मग परवानगी देते किंवा नाकारते. म्हणजे जिव्हाळा तपासायची फूटपट्टी नाही असं म्हणायची सोय नाही. मूत्रपिंडासाठी आपण ती तयार केली आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर माझ्या मते या बाबतीत सगळ्यांत शहाणा. सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही. नाव लिहिलेलं असेल तर आधी ते नाव, नातेवाईक त्याच्यानंतर. मन बिघडलं तर मैत्रीण चालते आणि हृदय बिघडलं तर दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही, याला काही तर्क आहे का?

जबाबदारी आणि फसवणूक यांचं उत्तर याच धाग्यात आहे. जबाबदारीशिवाय हक्क नको, हे सोळा आणे खरं. मग लिहून देतानाच दोन्ही एकत्र लिहा. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं तेविसावं कलम सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर म्हाताऱ्या माणसानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. हे कलम घेणारा मुलगा आहे की मित्र, असं विचारत नाही. अट आणि सांभाळ एवढंच बघतं. फसवणाऱ्या मित्रासाठी जे औषध लागेल ते कपाटात आधीच आहे, आणि ते मुळात कुणासाठी आणावं लागलं? घर नावावर करून घेऊन आईबापांना बाहेर काढणाऱ्या पोटच्या मुलांसाठी. म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्यांत परके असतात, पण ते एकटे नसतात. मैत्री करारात खोट होती ती करार छुपा आणि लबाडीचा होता म्हणून. त्यात मैत्री नव्हतीच, लग्न होतं, फक्त बायकोचे हक्क वगळून. त्यावरून मैत्रीवर बंदी घालायची तर खोट्या मृत्युपत्रांवरून मृत्युपत्रांवरही घालावी लागेल.

बाहेर हे करून पाहिलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियानं 2003 साली कायदा करून एकमेकांची काळजी घेणाऱ्या दोन सज्ञान माणसांना, ती नात्यातली असोत-नसोत, तशी नोंद करायची सोय दिली. त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात परस्परावलंबी प्रौढांचा कायदा लागू झाला, त्यात शरीरसंबंधाची अट नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोनं 2009 मध्ये साध्या फॉर्मवर दोन माणसांनी एकमेकांना दवाखान्यापासून वारशापर्यंत कुठले अधिकार द्यायचे ते खुणा करून ठरवण्याची पद्धत आणली. मला तो फॉर्म आवडतो. त्यात 'तुमचं नातं काय' याची उठाठेव नाही. काय द्यायचं आणि काय नाही, एवढंच.

एक विरोध मात्र या सगळ्याहून नाजूक आहे, आणि तो मैत्रीवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो. ते म्हणतात, मैत्री हे एकच नातं उरलंय ज्यात कागद नाही. तिथेही फॉर्म आणलात, साक्षीदार आणलेत, तर तिचं मोकळेपण जाईल. हा मुद्दा ऐकून मी थोडी डळमळले होते, कबूल करते. पण इतिहास पाहिला तर मैत्रीला कागदाचं वावडं कधीच नव्हतं. मध्ययुगाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समध्ये बिननात्याचे दोन पुरुष नोटरीसमोर, साक्षीदारांच्या देखत 'भाऊपणा'चा करार करत. मुळात सख्ख्या भावांनी वडिलोपार्जित घर एकत्र ठेवावं म्हणून असलेला हा दस्त मित्रांनी उचलला. त्यात ठरलेलं वाक्य असे: एकच पाव, एकच वाइन, एकच थैली. आणि आपल्याकडे? पाणिनीच्या व्याकरणात 'साप्तपदीनं सख्यम्' असं सूत्र आहे. सात पावलं बरोबर चाललं की जडतं ते सख्य. लग्नात सात पावलं चालतात, आणि सातव्या पावलाचा मंत्र सख्याचा असतो. हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं, सप्तपदीनं होणाऱ्या विवाहात सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक. म्हणजे नवरा-बायकोला पक्कं बांधायची वेळ आली तेव्हा शब्द कुठून आणला? मैत्रीतून. मग मैत्रीनं त्याच कायद्याकडे स्वतःसाठी एक रकाना मागितला तर तिचं पावित्र्य कसं विटाळतं? (सखा आणि सख्खा या शब्दांचं मूळ एक आहे की नाही ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं, मला तर मधला अर्धा ख कुणीतरी कचेरीतल्या माणसानं वाढवला असावा असं वाटतं.)

उलट कागद नसला की काय होतं? कागद असतानाही काय झालं ते आधी पाहा, एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल न्यूमन यांच्या बाबतीत. त्यांचा तीस वर्षांहून जास्त काळचा सोबती अँब्रोज सेंट जॉन 1875 साली गेला. आपल्याला त्याच्याच थडग्यात पुरावं असं न्यूमन यांनी स्पष्ट लिहून ठेवलं, आणि 1890 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या रेडनल इथे तसं झालंही. 2008 साली, संतपदाच्या वाटेवर, चर्चनं ते थडगं उघडलं. अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवायचे होते. आत पितळेची पट्टी आणि काही फुटकळ वस्तू मिळाल्या. दोघांचे देह केव्हाच मातीत एकजीव झाले होते. हलवायला काही उरलंच नव्हतं. इथे तर कागदही होता, तरी संस्था कुदळ घेऊन आलीच. कागद नसता तर काय झालं असतं हा प्रश्नच नको.

मैत्रीवाल्या तरुण गटालाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण त्यांच्या बाजूनं बोलताना मला त्यांचाच जास्त राग येतो. मित्र म्हणजे कुटुंब, हे पंचविशीत बोलायला सोपं. पंचाहत्तरीत मित्रही पंचाहत्तरीचा असतो. कुटुंबाचं खरं बळ प्रेमात नसून वयांच्या उतरंडीत असतं: एकाचे गुडघे गेले तेव्हा दुसऱ्याचे शाबूत असतात. मैत्रीत सगळ्यांचे गुडघे एकाच दशकात जातात. मावशी आईला त्या रात्री दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा ती स्वतः बहात्तर वर्षांची होती, आणि आईला गाडीत बसवताना तिची कंबर धरली ती पुढे तीन आठवडे. मैत्री एकटी म्हातारपण पेलू शकत नाही. तिला मुलं लागतात, भाचे लागतात, पुढची कुणीतरी माणसं लागतात, आणि ती माणसं मैत्रीत आपोआप येत नाहीत; त्यांना लहानपणापासून त्या घरात वावरू द्यावं लागतं, त्यांच्यावर त्या मैत्रीचा भार पडू द्यावा लागतो. नातेवाइकांना शिव्या घालून 'आमचं आम्ही कुटुंब' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो. रक्तवाल्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता, आणि तो त्यांनी मांडलाच नाही.

आई गेल्यावर भेटायला येणारी माणसं माझं सांत्वन करत, त्या चुलतमामाचंही करत. मावशी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली असे. दोन-तीन जणांनी तिला विचारलं, 'तुम्ही शेजारी का?' पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'मैत्रीण.' दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. कायदा बदलला असता तरी हा प्रश्न कुणीतरी विचारलाच असता, हे मला कळतं. पण दुःखाची रांगही शेवटी फॉर्मच्या रकान्यांप्रमाणेच लागते, हेही मी त्या दिवसांत पाहिलं.

या पावसाळ्यात मावशीला न्यूमोनिया झाला. दवाखाना दुसरा, काउंटर तेच. या वेळी फॉर्म माझ्या हातात होता. 'पेशंटशी नाते' या रकान्यापाशी मी थांबले. 'मैत्रिणीची मुलगी' लिहिलं तर पुन्हा नातेवाईक बोलवा म्हणतील, आणि मावशीचा जवळचा म्हणावा असा एक पुतण्या परदेशात. मी 'भाची' लिहिलं. कुणी पुरावा मागितला नाही, ओळखपत्रावरचं आडनाव पाहिलं नाही. ठळक रेघ म्हणतात ती एवढ्यात ओलांडली गेली. पलंगाशी आले तर मावशीनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून चष्मा मागितला. फॉर्मची प्रत नाकाजवळ धरून सगळा वाचला, आणि त्या रकान्यावर नख टेकवून म्हणाली, 'खोटं कशाला लिहिलंस? मला बहीण नाही. उद्या डॉक्टरांनी विचारलं तर कुणाची मुलगी म्हणून सांगू?'